गवंड्याने रचलेलं पुडिंग

माझ्या सासऱ्यांना घरात सगळे ओळंबा म्हणतात. अर्थात तोंडावर नाही. तोंडावर ते माझे बाबा आणि बाकीच्यांचे काका, मामा, आजोबा. भिंत सरळ उभी आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला बांधलेलं जे वजन लोंबतं धरतो, तो ओळंबा. बाबांनी आयुष्यभर भिंती बांधल्या, आणि काम सोडलं तरी डोळ्यांतला ओळंबा काही खाली ठेवला नाही. कुणाकडे गेले की चहा यायच्या आधी भिंतीवरून तळवा फिरवणार. दवाखान्यात बसलेले असताना समोरची चौकट डावीकडे झुकलीय, हे शेजारच्या पेशंटला समजावून सांगणार. तो बिचारा आपला ताप विसरून चौकटीकडे बघत बसतो.

मी तापट आहे. मला सगळं आत्ताच्या आत्ता हवं असतं, आणि हा माणूस चहात साखर ढवळतानाही घाई करत नाही. सुरुवातीला मी आतल्या आत धुमसायचे. मग ओट्याचा प्रकार झाला.

लग्न होऊन आले तेव्हा ह्या घरातली सगळ्यांत उंच बाई मीच. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, माझ्या खांद्याला लागतात, आणि ओटा त्यांच्या मापाचा. वाकून भाजी चिरता चिरता माझ्या कमरेचे तुकडे पडायचे, पण नवी सून, सांगणार कुणाला? एका सुट्टीच्या दिवशी बाबांनी मला ओट्यापाशी उभं केलं, कोपर दुमडायला लावलं, भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली आणि एक शब्द न बोलता निघून गेले. पुढच्या सुट्टीत अर्धा ओटा उंच झाला. अर्धा आईंचा, अर्धा माझा, मध्ये पायरी. पाहुणे बघतात आणि हसतात. हसू देत. माझी कंबर दुखते हे माझ्या जन्मदात्या वडिलांनाही कधी दिसलं नव्हतं. त्या दिवसापासून मी ह्या माणसाची ऋणी आहे, आणि ते म्हणायला मला अजिबात संकोच वाटत नाही.

आता पुडिंगचं सांगते.

पानगळीच्या सुट्ट्या लागल्या की सगळं गोत आमच्याकडे जमतं. मोठे काका-काकू, आत्या, त्यांची मुलं, मुलांची मुलं. आमच्याकडेच का, तर आईंच्या पुडिंगसाठी. काचेचं मोठं भांडं. तळाला बिस्किटं, त्यावर केळ्याच्या चकत्या, त्यावर लाल भोपळा शिजवून, दालचिनी-जायफळ घालून केलेलं कस्टर्ड, त्यावर क्रीम. मग पुन्हा बिस्किटं, पुन्हा केळी. काचेतून थर वेगवेगळे दिसले पाहिजेत, आणि चमचा आत गेला की बिस्किट कुर्रकन मोडलं पाहिजे. त्यात काडीचीही कसर आईंना चालायची नाही. एका वर्षी कस्टर्ड जरासं पातळ झालं, तर अख्खं भांडं शेजारी देऊन त्या पुन्हा कंबर कसून उभ्या राहिल्या. मी मदतीला गेले की म्हणायच्या, "तू नुसती बघ." मी नुसती बघायचे, तेही अर्ध्या लक्षाने. त्याची शिक्षा पुढे मिळाली.

यंदाच्या उन्हाळ्यात आईंना अर्धांगवायूचा झटका आला. हात-पाय बरेचसे परत आले. जीभ जड झाली, तरी काय म्हणतात ते कळायचं. बिघडलं ते गिळणं. पाणी प्यायल्या की ठसका, पावाचा तुकडा गेला की ठसका, आणि ठसका असा की ओठ निळे पडायचे. गिळायचं कसं ते शिकवायला येणाऱ्या नर्सने बजावून ठेवलं होतं: दाट हवं, एकजीव हवं, गुठळी नको. पाठ सरळ, हनुवटी छातीकडे, मग घोट. म्हणून आम्ही घरातलं सगळं मिक्सरमधून काढायला लागलो. आम्ही जेवायचो ते अन्न, आणि आईंच्या वाटीत राखाडी लगदा. त्या त्याच्याकडे कुणीतरी तोंडावर अपमान केल्यासारखं बघायच्या, दोन चमचे घ्यायच्या आणि ओठ मिटायच्या.

वजन उतरत चाललं. डॉक्टर म्हणाले, सुट्ट्या झाल्या की पुन्हा घेऊन या, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. घरी येताना गाडीत आई एवढंच बोलल्या, "नळी नाही. मेले तरी नाही." बाबा खिडकीबाहेर बघत होते. त्यांचं लक्ष एकाही भिंतीकडे नव्हतं, हे मी बघितलं आणि मला भीती वाटली.

त्यातून आईंनी आणखी एक ठरवलं होतं. जेवताना तोंडाच्या एका बाजूने गळायचं, ते चारचौघांत दिसायला नको. पाहुणे आले की त्या आपल्या खोलीत, दार लावून. मोठ्या काकूंचा फोन आला, "यंदा आमच्याकडेच जमू या ना, तुमच्यावर भार कशाला?" फोन बाबांनी घेतला होता.

"इथंच होईल," ते म्हणाले. "पुडिंग मी करतो."

मी कपाळावर हात मारून घेतला. बाबांना अंडं उकडायचं म्हटलं तरी पातेलं कुठलं घ्यायचं ते विचारावं लागतं. पण त्यांचं गणित साधं होतं. आईंना पुडिंग खाता येणार नव्हतं, ते त्यांनाही ठाऊक होतं. त्यांना एवढंच हवं होतं की टेबलावर ते भांडं असावं आणि ते बघायला तरी आईंनी खोलीबाहेर यावं. ती एकदा आत बसायला शिकली की मग बाहेर यायची नाही, असं ते मला हळूच म्हणाले.

आईंना विचारायला गेलो, तर त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "करा काय करायचं ते."

मग माणसं यायच्या आदल्या दिवशी दुपारी बाबा मिस्त्री झाले आणि मी त्यांची बिगारी. त्यांनी बाजारातून कोरं करकरीत घमेलं आणलं होतं, कस्टर्ड कालवायला. ते मी हातातून काढून घेतलं आणि पातेलं दिलं. भोपळा त्यांनी असा शिजवला आणि घोटला की एक गाठ राहिली नाही. ते काम मात्र नजर लागावी असं. केळ्याच्या चकत्या मी करायला घेतल्या, तर म्हणाले, "गोल नको. गोल तुकडा बसत नाही नीट, खाली पोकळी राहते." आणि सगळी केळी त्यांनी कुस्करून गुळगुळीत केली. "हा आपला माल," ते म्हणाले. माल म्हणजे विटा जोडायला कालवतात तो.

क्रीम संपलं होतं म्हणून मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. परत येऊन बघते तर मोठ्या परातीत दूध, आणि दुधात ओळीने सगळी बिस्किटं पोहत होती.

"बाबा! बिस्किटं भिजवतात का?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच वेडी. "वीट भिजवल्याशिवाय लावायची नसते, पोरी. कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते. मग भिंत भुसभुशीत होते."

मला वाटलं, बरोबर असेल. आई असंच करत असतील. नुसतं बघायचं काम मी नीट केलं असतं तर! बाबांनी ती लिबलिबीत बिस्किटं उलथन्यावरून एकेक उतरवली, वरच्या थरातला सांधा खालच्या सांध्यावर येऊ न देता. प्रत्येक थरानंतर खाली वाकून, एक डोळा मिटून, काचेतून पातळी बघितली. मला ते सगळं इतकं आवडलं की मी भांडायला विसरले.

सकाळी फ्रिज उघडला. रात्रीतून सगळं एकमेकांत विरघळलं होतं. ना बिस्किट, ना केळं, ना भोपळा. काचेतून एकच एक तपकिरी-पिवळा गोळा दिसत होता आणि क्रीम एका बाजूला कलंडलं होतं. बाबा मागे येऊन उभे राहिले. माणसं यायला फार वेळ राहिला नव्हता.

"मी केक मागवते," मी म्हटलं. "अर्ध्या तासात येईल."

"मागव," ते म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "पण आधी तिला दाखवतो. तिचं भांडं आहे."

भांडं दोन्ही हातांत धरून ते आईंच्या खोलीत गेले. मी मागोमाग. आई खुर्चीत बसलेल्या. बाबांनी भांडं समोरच्या स्टुलावर ठेवलं आणि शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखे उभे राहिले.

"बघ. माझ्याच्यानं नाही झालं."

आईंनी भांड्यात बघितलं. मग बाबांकडे. "बिस्किटं… भिजवलीत?"

"भिजवली."

"विटा… वाटल्या?"

बाबांनी मान हलवली, आणि आई हसायला लागल्या. झटक्यानंतर पहिल्यांदा. तोंडाच्या एकाच बाजूने, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात त्यांनी चांगल्या हाताने चमचा उचलला, भरला आणि तोंडात घातला.

"आई!" मी ओरडले. हात धरायला धावले, पण चमचा रिकामा झाला होता.

त्यांनी पाठ सरळ केली. हनुवटी छातीला लावली. गळा वर-खाली झाला. आम्ही दोघं ठसक्याची वाट बघत उभे. ह्या घरात उन्हाळ्यापासून आम्ही सगळे ती वाट बघायला शिकलो होतो; प्रत्येक घोटामागे श्वास रोखायचा. बाहेर कुणीतरी गाडी लावत होतं, त्याचा आवाज ऐकू येत होता. ठसका आला नाही.

आईंनी दुसरा चमचा भरला. मग तिसरा. माझ्या डोक्यात आत्ता कुठे प्रकाश पडला. दाट, एकजीव, गुठळी नको, आणि तरी आईंना खावंसं वाटणारं. इतके दिवस मिक्सर फिरवून मला जे जमलं नव्हतं ते ह्या माणसाने भिंत बांधायला जाऊन चुकून करून ठेवलं होतं. माझा जीव भांड्यात पडला. आईंना विचारलं, "कसं लागतंय?"

"भोपळा… कमी," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "माझा निळा… स्वेटर काढ. आणि रुमाल."

पुढे मी तसंच करायला शिकले. सगळ्यांसाठी एकच, मऊ, घोटलेलं, आईंना वेगळी वाटी नाही. वजन आधी थांबलं, मग चढलं, आणि डॉक्टरांनी नळीचं नाव काढलं नाही. पण ते नंतरचं. त्या दुपारी आई टेबलाशी आल्या. केक मागवला नाही. बाबांनी सगळ्यांना त्याच भांड्यातून वाढलं, आईंनाही.

सगळे आईंकडे न बघण्याचा इतका प्रयत्न करत होते की कुणी कुणाकडेच बघत नव्हतं. मोठ्या काकूंनी चमचा फिरवला, वाटीत शोधल्यासारखं केलं. त्या मनाने वाईट नाहीत, पण त्यांच्या पोटात काही राहत नाही.

"यंदा थर नाही दिसत ते. बिस्किटं पार भिजून गेली वाटतं?"

बाबांनी चमचा खाली ठेवला. मान खाली घालून ते कबुली द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात आई बोलल्या. चारचौघांत, रुमाल हनुवटीशी धरून, एकेक शब्द ओढून आणत.

"मीच… सांगितलं. भिजवा म्हणून."

मोठ्या काकू म्हणाल्या, "छान लागतंय हो, अगदी मऊ," आणि त्यांनी आणखी मागून घेतलं. बाबा आईंकडे बघतच राहिले. आई त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्या सरळ बसून आपली वाटी संपवत होत्या, सगळ्यांच्या देखत.