इंग्लंडच्या कप्तानावर जळतोय मी

मंडळी, डोकं लई गरम हाय, म्हणून इथं लिहितोय.

माझा जीव सायलीवर, अन् तिचा इंग्लंडच्या त्या फुटबॉल कप्तानावर! म्हणून आज गुलमंडीच्या बाजारातून त्याच्या नावाची जर्सी घेतली अन् घालून तिच्यापुढं उभा राहिलो.

ती खो-खो हसली. "येड्या, ही क्लबची आहे. मला तो देशासाठी खेळतो तेव्हा आवडतो."

"देशासाठी काय जिंकलं त्यानं? पेनल्टी हुकवून रडला की!"

"रडला, अन् पुढच्या मॅचला परत उतरला. तुला एटीकेटी लागली, तर तू कॉलेजच सोडलंस."

तसाच जर्सी घालून घरी आलो.

आता परत ॲडमिशन घ्यावं वाटतंय. पण पास झालो, तर ती श्रेय त्या गोऱ्यालाच देणार. कसं सहन करू, सांगा?