उलट्या मावशीची सकाळ

गल्लीत सगळे तिला उलटी मावशी म्हणत. सूतगिरणीत तिची कायमची रात्रपाळी. जग डोळे चोळत उठे तेव्हा ही घरी येऊन, पडदे ओढून आडवी होई आणि दिवेलागणीला उठून दात घासे. गिरणीतल्या मध्यरात्रीच्या जेवणाच्या सुट्टीला बायका ‘दुपार’च म्हणत. म्हातारा मुकादम नव्या बाईला ऐटीत समजावी, “दुपार म्हणजे दोन प्रहर. दिवस सुरू झाल्यापासून दोन प्रहर उलटले की झाली दुपार! उन्हाचा काय संबंध?” बायका हसत आणि डबे उघडत.

हीच भाषा मावशीने घरी आणली. नवरा अकाली गेलेला, पदरात एकुलता एक मुलगा. आई उठेल ती त्या घरातली सकाळ. खेळून दमलेलं पोर तिला गदागदा हलवायचं, “ऊठ ना गं, सकाळ झाली!” मग दोघं चहा प्यायची. एकदा शाळेत त्याने ‘सकाळी सूर्य मावळतो’ असं लिहिलं आणि मार खाल्ला. मावशी पोट धरून हसली होती. हसायला नको होतं, असं तिला आता वाटतं.

पोरगा शिकला, लग्न करून दूर राहायला गेला, येणंजाणं आटलं. परवा त्याचा फोन आला. कायमचा परदेशी निघाला होता. म्हणाला, “आई, उद्या सकाळी भेटून जातो.”

मावशी हरखली. आपली भाषा लेक विसरला नाही! दुसऱ्या दिवशी दिवे लागायच्या आधीच ती नवी साडी नेसून, चहाचं आधण ठेवून बसली. आधण आटलं, पुन्हा ठेवलं.

शेजारीण कामावरून परतली तेव्हा दारातच थबकली. “अगं, तो तर पहाटेच येऊन गेला! म्हटलं, थांब जरा, पाळी सुटली की येईलच ती. थांबलाच नाही बघ.”

मावशीने फोन लावला.

“सकाळी म्हणालो होतो ना, आई? सकाळ म्हणजे सकाळ. जगाची असते ती.”

“माझी पाळी कधी सुटते, ठाऊक आहे ना तुला?”

मग तो पुटपुटला, “तुझी रडारड नको होती मला.”

मावशी रडली नाही. संतापाने तिचा आवाज चिरका झाला होता.

“मग येत नाही म्हणायचंस. आपली सकाळ कशाला नासवलीस?”