जिभेच्या टोकावरचा साहेब

पाणी शोधायला मध्य प्रदेशातल्या बालाघाटात आलेला तो साहेब चहासुद्धा आधी जिभेच्या टोकाने चाखायचा. समुद्र गोड्या विहिरींखाली कुठवर शिरलाय, हे जमिनीत सळया ठोकून, वीज सोडून मोजण्यात त्याची निम्मी नोकरी कोकणात गेली होती.

लालबर्ऱ्याला राइस मिलसाठी मी जागेचा सौदा करत होतो. पाणी तपासायला याच साहेबाला नेलं आणि बाजूला घेऊन म्हटलं, "साहेब, मालकाले फक्त 'खारं पाणी' म्हणा. भाव पडते."

त्याने सळया ठोकल्या, मशीनचा काटा पाहिला आणि मालकासमोरच म्हणाला, "गोड आहे. भरपूर!"

भाव तिथेच चढला. मी भडकलो, "काहून? तुमचं काय जाऊन राह्यलं होतं?"

"इथे समुद्रच नाही, शेठ. खारं कुठून आणू?"

चढ्या भावानेच जागा घेतली. विहिरीला गोड पाणी लागलं, पण माझा राग उतरला नाही. तो मिल बघायला आला, तेव्हा त्याच्यासाठी भरलेल्या विहिरीच्या पाण्याच्या गिलासात मी गुपचूप मीठ ढवळलं.

"चाखा साहेब! तुमची मशीन चुकली न!"

त्याने जीभ लावली, डोळे मिटले.

"मशीन बरोबर आहे. हा समुद्र तुमच्या स्वयंपाकघरातून आलाय," म्हणाला आणि माझ्याच हातून दुसरा गिलास भरून घेतला.