आयटीआयला पाठवलेलं बिघडलेलं मशीन

मंडळी, आज आयटीआयच्या शिवणवर्गाच्या मॅडमनी मला आग्रहानं चहा पाजला. मागच्या महिन्यात याच मॅडम माझ्यावर खवळल्या होत्या!

भवानी पेठेत माझा गणवेश शिवायचा कारखाना हाय. मॅडमनी विचारलेलं, "मुलींना काय शिकवू?" म्हटलं, "शिवायला येतंय की सगळ्यांना. पण मशीन अडलं की मेकॅनिकची वाट बघत बसतात. दुरुस्ती शिकवा." अन् सरावाला मुद्दाम टाके सोडणारं मशीन पाठवून दिलं.

लगेच मॅडमचा फोन, "भंगार आमच्या गळ्यात मारता होय?"

आज वर्गातल्या अंबिकानं तेच मशीन स्वतः दुरुस्त करून त्यावर सलग शिवण घालून दाखवली. वर विचारते, "सर, अजून एखादं बिघडलेलं हाय का?"

कोर्स संपला की ती आमची मेकॅनिक. कारखानदारांनो, तुमच्याकडं काय बंद पडलंय? पाठवा की!