टाळ्या संपेपर्यंत

आमच्या शेजारच्या क्वार्टरमधले काका प्लांटात क्रेन चालवत. दर रविवारी ते एकच रेकॉर्ड लावत: साठच्या दशकातला एक विलायती रॉक कार्यक्रम, त्यात लोकांच्या आरोळ्या-शिट्ट्यासुद्धा भरलेल्या. मला तो गोंगाट सोसत नसे. गाणी संपली तरी काका सुई उचलत नसत. काकू जेवायला बोलावून थकत. "लोकं टाळ्या वाजवून राहिले न," काका म्हणत, "चालू प्रोग्राममधून उठून जाचं नसते."

रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडायचा दिवस आला. कुम्हारीला, नव्या घरी जाणारा ट्रक भरला, काकू पुढे बसल्या, ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला. काका रिकाम्या खोलीत फरशीवर बसलेले, समोर मागे ठेवलेल्या प्लेअरवर तीच रेकॉर्ड फिरत होती.

"काका, चला न आता," मी म्हटलं.

"तुले घाई असन तर तू जाय. मी पुरी ऐकूनच उठीन."

मग मीही बसलो. शेवटचं गाणं संपलं, टाळ्यांचा कडकडाट सुरू झाला. एरवी नुसते ऐकणारे काका आज उभे राहिले आणि स्वतःही टाळ्या वाजवू लागले. तोंड मात्र रेकॉर्डकडे नव्हतं, खोलीच्या उघड्या भिंतींकडे होतं.