मॉडेलमधला राखणदार

मांडवीची दमयंती शिवलकर रागावली की गप्प बसते, आणि ती गप्प बसली की आम्ही ठेकेदार आपापलं काम पुन्हा तपासायला लागतो. मी वायरिंगचा ठेकेदार. रत्नागिरीतल्या कितीतरी नव्याकोऱ्या भिंती मी फोडल्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याचशा तिनेच कागदावर काढलेल्या होत्या.

अठ्ठ्याण्णव साली ती परशुराम अभ्यंकर या आर्किटेक्टांकडे नकाशे काढायला लागली. तेव्हा सगळं काम ट्रेसिंग पेपरवर चाले. शाईची रेघ चुकली की ब्लेडने खरवडायची. तिची रेघ सहसा चुकत नसे. पण तिचा नकाशा वेगळा, कोल्हापूरच्या इंजिनिअरचा बीम-कॉलमचा नकाशा वेगळा, आणि नळवाल्या धाकूचा तर त्याच्या डोक्यात. हे सगळे एकमेकांना भेटायचे ते थेट साइटवर, आणि मग निघायचा छिन्नी-हातोडा. नवा स्लॅब फोडताना पाहिला की दमयंतीताईला त्या दिवशी जेवण जात नसे. चार घरी चार जणांनी स्वयंपाक करायचा आणि काय जमलंय ते ताटात बघायचं, अशी तुमची तऱ्हा, असं ती म्हणायची.

२००७मध्ये पावसच्या वाटेवर एका ट्रस्टच्या रुग्णालयाचं काम आलं. ताई पुण्याला जाऊन नवी पद्धत शिकून आली होती. अख्खी इमारत आधी कॉम्प्युटरमध्ये उभी करायची, त्याला मॉडेल म्हणायचं. भिंती, बीम, पाइप, वायरी, ज्याने त्याने आपलं त्यात घालायचं. एकाचं दुसऱ्यावर आपटलं की तिथे लाल दिसतं. काय भांडायचं ते पडद्यावर भांडा. परशुरामकाकांनी नाक मुरडलं आणि अट घातली, की या कामात एकदा जरी काही फोडावं किंवा थांबवावं लागलं, तर यंत्र बासनात जाईल आणि दमयंती परत ड्रॉइंग बोर्डावर. ती लगेच हो म्हणाली. मला तिची काळजीच वाटली.

मग दर शनिवारी आम्ही तिच्या टेबलाभोवती जमू लागलो. धाकू सुरुवातीला फक्त भजी खायला यायचा. एकदा त्याचा पाइप बीमच्या पोटातून आरपार गेलेला दिसला आणि पडद्याबरोबर तोही लाल झाला. पण त्याने पाइप हलवला. सांडपाण्याची लाइन मागच्या मोकळ्या जागेतून न्यायची ठरली. कुठेही लाल नाही. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या, काकांनीसुद्धा.

खोदायच्या दिवशी शिवा मुकादमाच्या माणसांनी पिकाव खाली ठेवले. लाइनची खूण म्हणून मारलेली चुन्याच्या फक्कीची रेघ बरोबर मागच्या करंजाच्या झाडाखालच्या दगडावरून गेली होती.

शिवा म्हणाला, "ताई, तिथं नाय पिकाव पडायची. राखणदाराची जागा हाय ती."

आता गंमत बघा. काम सुरू करताना जागा सांभाळणाऱ्या या देवाच्या दगडापुढेच आम्ही सगळ्यांनी नारळ ठेवले होते, पहिला काकांनी. जागा प्रत्येकाला ठाऊक, म्हणूनच ती मॉडेलमध्ये घालायचं कुणाला सुचलं नाही. काम थांबलं. बोर्डावरची धूळ झटकावी लागणार म्हणायची, असं काका म्हणाले आणि धाकू खुदकन हसला. मला त्याचा राग आला. ताई गप्प.

दुसऱ्या दिवशी तिने शिवासकट सगळ्यांना बोलावलं. कॉम्प्युटरमधल्या तयार वस्तूंच्या यादीत दार, खिडकी, वॉश बेसिन, झाडंसुद्धा होती, राखणदार नव्हता. तिने पडद्यावर करंजाखाली एक दगड रेखाटला आणि भोवती मोकळी जागा राखून ठेवली. धाकूची लाइन तत्काळ लाल. मग ती आमच्याकडे वळली.

"आणखी काय काय आहे, जे तुम्हां सगळ्यांना ठाऊक आहे आणि म्हणून कुणीच सांगत नाही?"

मग शिवाने मागून वाहणारा पऱ्या सांगितला, म्हणजे फक्त पावसाळ्यात उगवणारा ओढा. धाकूने कुठे हातभर मातीखाली कातळ लागतो ते दाखवलं. शेवटी काका घसा खाकरून म्हणाले, की समुद्राकडचा पाऊस आडवा येतो, त्या अंगाची पडवी अजून बाहेर काढ. सगळं मॉडेलमध्ये गेलं, आणि धाकूची लाइन दगडाला वळसा घालून गेली. अट मोडलीय, मी बोर्ड पुसून ठेवते, असं ताई निघताना म्हणाली. शेवटचा स्लॅब भरेपर्यंत थांब, एवढंच काका बोलले.

शेवटच्या स्लॅबच्या दिवसापर्यंत छिन्नी पेटीतून बाहेर आली नव्हती. काँक्रीट ओतण्याआधी शिवाने राखणदारापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. आम्ही हात जोडून मागे उभे.

"बा राखणदारा, कुणाच्या हातून काय चुकलं असंल तर पोटात घाल. स्लॅब सुखरूप भरू दे. आणि आमच्या दमयंतीताईचा तो कॉम्प्युटर हाय, तो असाच चालू ऱ्हाऊ दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही सगळे म्हणालो. ताईने पदराने डोळे पुसले, कारण त्यात सगळ्यात मोठा आवाज परशुरामकाकांचा होता.