घट्ट कणीक

तातोबा गुरवाला रीत कधी नव्हतीच. दारात उभं राहून हाक मारावी, बाईमाणूस आवरून बसलंय का बघावं, हे त्याला जन्मात जमलं नाही. सरळ सैपाकघराच्या उंबऱ्याशी यायचा आणि म्हणायचा, "आक्का, कणीक." आमच्या भजनाला पखवाज तोच वाजवायचा. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापल्याशिवाय तो घुमत नाही, आणि ती कणीक ह्याला माझ्याच हातची लागायची. का, तर बायकोची सैल असते म्हणे. बरं, एवढं करून माझ्या गाण्याला तोंडभर चांगलं तरी म्हणावं? मी गाणी रचते, आमचं बायकांचं भजनी मंडळ ती म्हणतं, आसपासची गावं बोलावून नेतात. तातोबानं एकाही गाण्याला चांगलं म्हटलं नाही. लईच खूश झाला तर म्हणायचा, "चालंल." मेल्यावर तरी माणसानं सुधारावं. पण नाही.

आज त्याचं वर्षश्राद्ध. संध्याकाळी त्याच्या घरी भजन आहे आणि त्याच्यावरचं गाणं मीच रचलंय. तो गेल्यापासूनचं हे पहिलंच. मंडळात म्हणून दाखवलं तेव्हा पेटीवाली कमळ रडली. टाळवाल्या बाया पदर डोळ्याला लावून बसल्या. मला काही झालं नाही. तो गेला त्या दिवशीही झालं नव्हतं. गाणं माझ्याच तोंडातनं जातं आणि मी दारावरनं जाणारी परक्याची वरात बघावी तशी बघते. गाण्यात जीव नाही एवढं कळतंय. कुठं गेला ते कळत नाही, आणि संध्याकाळी ते गावासमोर म्हणायचंय.

जेवून मी सैपाकघरातच वाकळेवर आडवी होते. मंगल, माझी सून, गुरवाकडं न्यायच्या पोळ्यांची कणीक मळून परातीत फडक्याखाली ठेवते आणि मागं धुणं धुवायला जाते. पंखा फिरतोय. फिरता फिरता त्याचा आवाज गिरणीच्या पट्ट्यासारखा होतो.

मी गिरणीत उभी आहे. पीठ उडतंय, पण नाकात जात नाही. तातोबा पट्ट्याखाली मांडी घालून बसलाय. मांडीवर पखवाज, डोक्यावर टोपी, भुवयांवर पीठ.

"आक्का, कणीक."

"तुझ्या बापाची गिरणी लागून गेलीय काय?"

"घट्ट दे. मागच्या भजनाला सैल होती."

"मागच्या भजनाला तू मेला होतास."

"तेच म्हणतोय. सैल होती."

मी बघते तर माझ्या हातात गोळा आहेच. मी देते आणि एस. टी. गचका खाते. आम्ही खिडकीशी बसलोय. पुढच्या बाकांवर आमच्या मंडळाच्या सगळ्या बाया पाठमोऱ्या. कमळच्या मांडीवर पेटी आहे, तिचा भाता हलतोय, सूर येत नाही. टाळ हलतायत, तेही मुके. मला त्याचं काही वाटत नाही. कंडक्टर येऊन पखवाजाकडं बोट करतो.

"ह्याचं तिकीट?"

"आक्का काढंल," तातोबा म्हणतो.

पिशवी नाही, बटवा नाही. मी गोळ्याची चिमूट तोडून देते. कंडक्टर ती खिशात टाकतो आणि तिकीट फाडून देतो.

"म्हण आता," तातोबा म्हणतो.

मी म्हणते.

हात तुझे बोलके रे, बोट तुझे हलके रे,
गेलास निघून तातोबा, सूर झाले पोरके रे.

तो खिडकीकडं तोंड फिरवून ऐकतो. जित्तेपणी भिंतीकडं तोंड करून ऐकायचा. शब्दांकडं त्याचं लक्षच नसायचं. गाताना मी दम कुठं घेते तेवढं बघायचा. आता त्याचा हात कातड्यावर जातो आणि माघारी येतो. पुन्हा जातो, पुन्हा माघारी.

"आक्का, दम कुठं घेतलास?"

"घेतलाच नाही."

"मग मी हात कुठं टाकू?"

हे त्याचं नेहमीचं होतं. नवं गाणं घेऊन बसलं की एक शब्द काढायला लावायचा. मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची आणि शब्द काढायची. तिथं त्याचा डावा हात पडायचा, पखवाज घुमायचा, आणि बसलेल्यांच्या माना आपोआप हलायच्या. भजन उठल्यावर लोक मला म्हणायचे, आक्का, काय शब्द घातलाय त्या ठिकाणी! तिथं शब्द नसायचाच. तिथं तातोबा असायचा.

"पोरके काढ," तो म्हणतो.

"तेवढंच तर खरं आहे त्यात."

"म्हणूनच काढ. खरं असंल ते मी वाजवतो."

"तू कुठला वाजवतोस? संध्याकाळी पखवाजावर तुझा पोरगा बसणार आहे, विलास."

"इलासला घाई फार. त्याला सांग, तिथं हात उचलून धर. वाजवू नगंस."

"मग ऐकू काय येणार?"

"काय न्हाई."

"लोक म्हणतील म्हातारी शब्द विसरली."

"म्हणू देत."

"तुला काय जातंय म्हणू देत म्हणायला? तोंड माझं दिसणार आहे."

तो हसतो. हसला की त्याच्या टोपीतनं पीठ सांडतं. आम्ही त्याच्या अंगणात आहोत. तो खाली निजवलेला आहे आणि माझ्या शेजारीही बसलाय. निजलेल्याच्या बोटांना पीठ लागलंय, ते कुणी पुसलेलं नाही. माझा हात पदराकडं जातो, पण पदर जडच्या जड. उचलत नाही.

"त्या दिवशी रडली न्हाईस तू," शेजारचा म्हणतो.

"तुझ्या पाहुण्यांना चहा कोण आणणार होतं? तुझी बायको भिंतीला टेकून बसली होती."

तो थोडा वेळ निजलेल्याकडं बघतो. मग म्हणतो, "चालंल."

उरलेला गोळा तो दाबून दाबून माझ्या मुठीत ठेवतो आणि माझी बोटं एकेक करून मिटतो.

"घट्ट झाली आता."

डोळे उघडते तर पंखा थांबलाय, लाईट गेलीय. मंगल परातीजवळ उभी. फडकं बाजूला सरकलंय आणि कणकेला एका कडेला खळगा पडलाय.

"आत्या, झोपेत कणकेत हात घातलात व्हय?"

मी मूठ उघडते. गोळा आहे. मंगल तो घेते, बोटानं दाबून बघते. तिची कणीक पोळ्यांची, तेल लावलेली, मऊ. ह्या गोळ्याला तेलाचा थेंब नाही आणि बोट आत शिरत नाही.

"ही कशी एवढी घट्ट?"

मी तिच्याकडून गोळा परत घेते. पिठाचा डबा वर फळीवर आहे, तिथवर माझा हात जात नाही. यापुढं मी विचार करत नाही.

भिंतीला टेकून बसते आणि म्हणून बघते. गेलास निघून तातोबा, सूर झाले...

थांबते. घरात कसलाच आवाज नाही. छातीत काही हलत नाही, रडू येत नाही, पण हातातल्या गोळ्यावर माझा तळवा आपोआप टेकतो आणि तिथंच राहतो. शेवटचा "रे" खूप उशिरा सापडतो.

"आत्या, शब्द विसरलात?" मंगल विचारते.

"नाही."

मी उंबऱ्याकडं बघते, तो येऊन उभा राहायचा तिथं. मंगल ऐकतेय तर ऐकू दे.

"तातोबा," मी मोठ्यानं म्हणते, "उर्मट होतास, अजून आहेस. पण तुझं वाजवणं चालंल."